डोलकाठीवरचा दिवा

आमच्या दुकानासमोरून वराती गेल्या, गणपती गेले, एकदा तर सर्कशीचा हत्तीसुद्धा गेला, पण होडी कधी गेली नव्हती. जाणार कशी? तापी आमच्या गावापासून सात-आठ कोस लांब. आणि त्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरमागे बांधलेल्या दोन चाकांच्या गाड्यावर बसून एक शिडाची होडी आली आणि थेट आमच्या ओट्याला लागली. मी भाकरी थापत होते. गल्लीत कालवा झाला म्हणून पिठाच्या हातांनी बाहेर आले, आणि बघते तर काय, होडीचं नाक आमच्या दारात! "अगं माय व!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"काय शे?" आतून यांनी विचारलं. हे म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, इथंही घेणार नाही.

"होडी शे," मी म्हटलं.

"येडी व्हयनी का तू?" असं म्हणत ते भिंतीला हात लावत लावत बाहेर आले. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. ते सगळं तसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याची ओढाताण होईल, म्हणून थोडं ठेवते आणि बाकीचं शाळेतल्या मराठीत सांगते. सातवीपर्यंत शिकले आहे मी, तेवढं मला येतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यातच मोडायचा. पुढं दुकान आणि मागं घर, असं आमचं होतं. दुकानावर पाटी होती, वायरिंग आणि रेडिओ दुरुस्ती. हे सुरतेला एका दुकानात काम शिकून आले होते. गावात वीज आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत पहिला दिवा यांच्या हातचा लागला. लोक ते विसरले नव्हते. मिस्तरी म्हटलं की हेच. आणि त्यामुळे मी मिस्तरीण.

पण तोवर यांचे डोळे जवळजवळ गेले होते. काचबिंदू. आधी बाजूचं दिसेनासं झालं. शेजारी कोण बसलंय कळायचं नाही, समोरचं मात्र दिसायचं. ताटातली चटणी दिसायची नाही, वाटी दिसायची. मग समोरचंही आकसत गेलं. मिशनच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, फार मायेच्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, आणि राहिलं तेही टिकेल असं सांगता येत नाही. शेवटी फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळेल. मग तेही नाही.

येताना मोटारीत हे खिडकीला डोकं टेकून बसले होते. गावात उतरल्यावर मात्र सगळ्या गल्लीसमोर ओट्यावर बसून म्हणाले, "ऐका रे. मी लावलेला दिवा मला दिसतोय तोवर मी मिस्तरी. ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी पक्कड खाली." आणि हसले. गल्ली हसली नाही. मला तर तिथंच रडू फुटलं, पण मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. कारण मला माहीत होतं, हा माणूस बोलला म्हणजे करणार. आणि पक्कड खाली ठेवली की या माणसाचं काय उरणार? मूलबाळ आम्हाला नव्हतं. त्याबद्दल मी इथं बोलणार नाही. होतं ते हे दुकान.

तेव्हापासून मी त्यांचे हात झाले. आधी नुसते स्क्रू त्यांच्या हातात द्यायची, मग तारांचे रंग सांगायला लागले, मग स्क्रू पिळायचं डिसमिस स्वतःच फिरवायला लागले. तापलेल्या सळईनं कथील लावणं, ज्याला डाख देणं म्हणतात, ते मला त्यांच्यापेक्षा बरं यायला लागलं. स्वयंपाकघरातल्या बाईला गरम वस्तूची भीती नसते, हे ते सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. हे सांगायचे, मी करायची. कुणाच्या घरी वायरिंगला गेलो की मी शिडीवर पदर खोचून आणि हे खाली शिडी धरून. बायका तोंडावर हात ठेवून बघायच्या. बघा म्हटलं, फुकट आहे.

आणि रोज संध्याकाळी एक ठरलेलं काम. दिवेलागणीला मी दुकानातलं बटण दाबायची आणि हे वर तोंड करून म्हणायचे, "लागना." लागला. मला हायसं वाटायचं. मग मी देवापुढं निरांजन लावायची. आधी बल्ब, मग देव, असा आमच्या घरातला क्रम होता, देवानं माफ करावं.

तर होडी. होडी तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याची होती. केळी आणि कापूस करणारा मोठा बागायतदार, जमीन नदीच्या दोन्ही काठांना. सासुरवाड सुरतेकडची. तिकडं त्यानं ही छोटी शिडाची होडी पाहिली आणि हट्टानं विकत आणली. पूर आला की घाटावर ठेवता येत नाही, म्हणून गाडा करून घेतला. पाणी चढायला लागलं की होडी गाड्यावर आणि गाडा ट्रॅक्टरमागे. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. भाऊंना संध्याकाळी पलीकडून परत यायला अंधार पडायचा, म्हणून डोलकाठीच्या टोकावर दिवा हवा होता. आणि होडीत बसून ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकायची होती, म्हणून काठीवरून एरियल हवी होती. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसलं काम.

"विसरवाडीच्या रस्त्यावर एकाकडून दिवा लावून घेतला होता," भाऊ म्हणाले. "ट्रकची कामं करतो. एकदाही लागला नाही."

यांनी आधी डोलकाठी तपासायला घेतली. गाड्यावर ती बुडाशी बिजागरीवर आडवी पडायची, आणि तिचं टोक मागं रस्त्यावर यायचं. हे बोटांनी तार चाचपत चाचपत टोकापर्यंत गेले, तिथं एका खिळ्याला काहीतरी गुंडाळलेलं हाताला लागलं, आणि खो खो हसत सुटले. इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. त्या ट्रकवाल्या मिस्तरीनं दिव्याला एकच तार नेली होती आणि दुसरी बाजू खिळ्याला बांधून मोकळा झाला होता. त्याची सवयच तशी. ट्रकचं सगळं अंग लोखंडाचं, एक तार न्यायची, करंट अंगातून परत येतो. पण होडी लाकडाची! लाकडातून करंट परत कसा येणार?

"अरे, त्यानं होडीलापण ट्रकच समजलं," हे म्हणाले. आणि शेजारचे मारवाडी शेठ, कापडाचं दुकान होतं त्यांचं, गादीवरून ओरडले, "मिस्तरी, हॉर्न लावला का बघा!"

आमची गल्ली अशीच होती. टिंगल केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. आमच्या दुकानात एखादा रेडिओ दुरुस्त होऊन पहिल्यांदा लावला आणि तो बोलला नाही, की शेठजी, समोरचा चहावाला, येणारेजाणारे सगळे एका सुरात, "गेला, गेला, फ्यूज गेला!" आणि टाळ्या. यांना त्याचा राग कधी आला नाही. उलट हे आतून ओरडायचे, "शेठ, तुमच्या धोतराला अर्थिंग लावून देऊ का?" मला मात्र राग यायचा. नाकावरच असतो तो माझ्या.

काम चार दिवस चाललं. त्या चार दिवसांइतकं आनंदात मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि पुढं तर नाहीच. आपण होडीवर काम करतोय याचंच त्यांना इतकं अप्रूप की रात्री झोपेत वळताना पण म्हणायचे, बॅटरीची पेटी मधोमध ठेव, नाहीतर कलंडेल.

सुताराकडून काठीला एका बाजूनं बारीक पन्हळ पाडून घेतली. तीत दोन तारा, एक जाणारी आणि एक येणारी, आणि वरून डांबर लावलेली कापडाची पट्टी. काठी पाडायची-उभी करायची असते म्हणून बुडाशी तारा तोडता-जोडता याव्या लागतात. तिथं दोन काट्यांचा प्लग बसवला. मी तो फळीवर सरळ बसवत होते तर हे ओरडलेच.

"तोंड वर ठेवलंस? पाणी आत जाईल ना! खाली तोंड कर. आणि तारेला थोडा झोळ दे, म्हणजे पाणी झोळातून खाली गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही."

"तुम्हाला कसं कळलं मी वर ठेवलं ते?"

"तुझ्या बांगड्यांचा आवाज वरून आला," ते म्हणाले.

मी प्लग उलटा केला. मग दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी एरियलची तार. तांब्याची, काठीच्या टोकापासून मागच्या बाजूला तिरकी ताणलेली, दोन्ही टोकांना चिनी मातीच्या पांढऱ्या गुंड्या. दिव्याची तार काठीच्या एका अंगानं आणि एरियल दुसऱ्या अंगानं, जवळ आली तर रेडिओ गुरगुरतो. पहिल्यांदा ट्रान्झिस्टर जोडला तर नुसती खरखर. लगेच गल्ली सुरू. गेला, गेला, फ्यूज गेला! मी संतापून चहावाल्याला म्हटलं, "तुझा चहा उकळ आधी, नुसतं पाणी विकतोस." हे मात्र पोट धरून हसत होते. माझाच एक जोड कच्चा राहिला होता, डाख नीट बसला नव्हता. तो परत केला आणि भर दुपारी त्या होडीतून असं खणखणीत गाणं निघालं की शेठजींनी गादीवरून हात जोडले. हे होडीच्या फळीला टेकून उभे होते. त्यांनी माझा हात धरला. चारचौघांत. गल्लीत. आमच्या पिढीत असलं कुणी करत नसे. मी हात सोडवून घेतला, लाज वाटली म्हणून. आज वाटतं, कसली लाज, राहू द्यायचा होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवा. भाऊ ट्रॅक्टर घेऊन आले होते, सकाळी होडी न्यायची होती. मी म्हटलं, काठी आडवीच आहे, खालीच लावून बघू. पण यांनी ऐकलं नाही. "काठीवरचा दिवा वर लागला पाहिजे. खाली लागून काय उपयोग? उभी करा." मग चार माणसांनी काठी उभी केली. भलतीच उंच दिसायला लागली, शेठजींच्या माडीच्याही वर. सगळी गल्ली जमली. ऊन गेलं होतं, आभाळ राखाडी झालं होतं, दुकानांतले दिवे अजून लागायचे होते. हे ओट्यावर खुर्ची टाकून बसले, मान वर करून, तोंड बरोबर काठीच्या दिशेनं. चेहऱ्यावर असं काही हसू होतं की मी होडीत चढता चढता दोनदा वळून बघितलं.

बटण होडीच्या आत, फळीखाली होतं. मी वाकून ते दाबलं आणि वर बघितलं.

लागला. काय सुंदर लागला! इवलासा दिवा, पण त्या राखाडी आभाळात असा ठसठशीत, पांढरा, स्थिर. माझ्या हातचा आणि त्यांच्या डोक्यातला. मला इतका आनंद झाला की मी लगेच ओट्याकडे बघितलं.

ते तसेच बसले होते. मान वर, डोळे उघडे, तेच हसू. वाट बघत होते.

"लागना का?" त्यांनी विचारलं.

एका क्षणात मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे यांना दिवा दिसत नाही. आणि दुसरी त्याहून वाईट. दुकानातलं बटण मोठं होतं, खट्ट करून आवाज व्हायचा त्याचा. रोज संध्याकाळी तो आवाज ऐकून हे "लागना" म्हणत होते. किती दिवस? महिना? दोन महिने? होडीतलं बटण लहान होतं, लांब होतं, त्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

समोर लोकांची तोंडं उघडलेली. चहावाल्यानं टाळी वाजवायला हात वर नेलेले. आणि मी काय केलं? मी दोन्ही हात पुढं केले आणि ओठांवर बोट ठेवलं. गप्प बसा. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ओट्याकडे, आणि त्यांना कळलं. पक्कड खाली ठेवायची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. चहावाल्याचे हात हळूच खाली आले. भाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. सगळी गल्ली चिडीचूप झाली.

"नही लागना," मी म्हटलं. नाही लागला.

"आखो एक डाव कर."

मी बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. दिवा विझला, पुन्हा लागला. पन्नास माणसं वर बघत होती. कुणी हूं की चूं केलं नाही.

"आते?"

"नही."

त्यांची मान हळूहळू खाली आली. मग त्यांनी डोकं जरा तिरकं केलं, रेडिओचा बारीक बिघाड ऐकताना करायचे तसं, आणि गल्ली ऐकली. मी मूर्ख, तेव्हासुद्धा मला वाटत होतं की मी त्यांना वाचवलं. पण ज्या गल्लीनं आयुष्यभर त्यांच्या प्रत्येक न लागलेल्या दिव्यावर, न बोललेल्या रेडिओवर टाळ्या पिटल्या, ती गल्ली त्या दिवशी गप्प होती. दिवा खरंच लागला नसता तर ही माणसं अशी बसली असती का? शेठजींनी फ्यूज गेला म्हणून आभाळ डोक्यावर घेतलं असतं. आम्ही सगळे मिळून त्यांच्यावर माया करत होतो आणि त्या मायेनंच आमचं बिंग फोडलं.

"बंद कर व," ते शांतपणे म्हणाले. "बॅटरी उतरी जाई."

बॅटरी उतरेल. एवढंच. मी वाकले आणि बटण बंद केलं. वर अंधार झाला. लोक एकेक करून निघून गेले, चपला न वाजवता. मी होडीतच बसून राहिले, फळीवर, पदर तोंडात कोंबून. खाली उतरायचं धाडस होईना.

घरात गेले तेव्हा ते पलंगावर बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "गल्लीला आधी सांगितलंस."

"मी कुणाला काही सांगितलं नाही!"

"गप्प बसायला सांगितलंस ना. म्हणजे त्यांना आधी कळलं. माझे डोळे पुरते गेले हे मला गल्लीकडून कळलं."

मी पण चिडले. माझं चुकलं होतं आणि चुकलं की मी जास्त चिडते. "आणि तुम्ही? रोज खट्ट ऐकून लागना, लागना करत होता ते? ते खोटं नव्हतं? मला कसं फसवलंत?"

त्यांनी उशी चाचपून जवळ ओढली. मग म्हणाले, "मी खोटं बोललो ते डोळ्यांबद्दल. डोळे माझे होते. तू खोटं बोललीस ते कामाबद्दल. काम दोघांचं होतं. इतका चांगला लागलेला दिवा, आणि तू मला म्हणालीस, लागला नाही."

मी म्हटलं, "चांगला लागला होता. फार चांगला लागला होता." ते म्हणाले, "आता कसा विश्वास ठेवू?" रागानं नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

सकाळी भाऊ होडी न्यायला आले. पक्कड, डिसमिस, सगळी हत्यारं यांनी रात्रीच कापडात गुंडाळून माझ्या बाजूच्या कपाटात ठेवली होती. ते ओट्यावर नुसते बसले होते, हात मांडीवर. मी त्या हातांना असं रिकामं कधी पाहिलं नव्हतं. भाऊ बिचारे अवघडले होते. त्यांनी नेहमीचंच विचारलं, "मिस्तरी, दिव्याचं काम पक्कं झालं ना?"

"तिले इचारा," हे म्हणाले. आणि थोडं थांबून, "पन दोनदा इचारा."

तिला विचारा, पण दोनदा विचारा. थट्टाच केली त्यांनी. गल्लीतल्यासारखी. पण कुणी हसलं नाही. शेठजींनी गादीवर पडलेल्या कापडाची उगाच पुन्हा घडी केली. ट्रॅक्टर सुरू झाला आणि होडी गल्लीतून निघून गेली, काठी आडवी, टोक मागं हेलकावत.

भाऊंचा दिवा पुढं कित्येक वर्षं चालला म्हणे. मी कधी बघायला गेले नाही. नदीवरून येणारे लोक सांगायचे, मिस्तरीण, तुमचा दिवा लांबून दिसतो. मी बरं म्हणायची आणि आत जायची.

दुकान मी चालवलं. दुसरं काय करणार होते? मिस्तरीचं दुकान मिस्तरिणीचं झालं. अडलं तर मी ओट्यावर येऊन त्यांना विचारायची आणि ते सांगायचे, नीट, मायेनं, सगळं. तसे ते माझ्याशी वाईट कधीच वागले नाहीत. जेवले, बोलले, हसलेसुद्धा. गल्लीनंही हळूहळू टिंगल परत सुरू केली, पण आता ती माझी. फक्त एक गोष्ट झाली. त्या दिवसापासून ते मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायला लागले.

"पाऊस थांबला का?" थांबला. "थांबला का?" हो, थांबला. "भाजीत मीठ घातलंस का?" घातलं. "घातलंस?" घातलं हो. "दारात कुणी आहे का?" कुणी नाही. मग जरा थांबून, अगदी सहज, "कुणी आहे का?" सुरुवातीला मी भडकायची. म्हणायची, बहिरे झालात का, सांगितलं ना एकदा! ते नुसते ऐकून घ्यायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा दोनदा. मुद्दाम करत नव्हते. सवय लागली होती. माझ्या पहिल्या उत्तरावर त्यांचा पाय ठरत नव्हता, म्हणून दुसरं मागायचे.

मी तेव्हापासून त्यांच्याशी एकदाही खोटं बोलले नाही. शपथ घेऊन सांगते. डाळ करपली तर करपली म्हणायची. कुणी वारलं तर लगेच सांगायची, कितीही जवळचं असलं तरी. त्यांच्या अंगावर सूज दिसायला लागली तेही मीच सांगितलं, डॉक्टरच्या आधी. वाटायचं, एक ना एक दिवस ते एकदाच विचारतील आणि मी समजेन की झालं, मिटलं. वर्षं गेली. एकदाही तसं झालं नाही. मन्हं काय चुकनं, असं रडून विचारावंसं वाटायचं, पण काय चुकलं ते मला माहीतच होतं.

साठाचं दशक सरत आलं तेव्हा ते गेले. शेवटचे आठ-दहा दिवस पलंगावरच होते, श्वास लागायचा, बोलणं कमी झालं होतं. गेले त्या दिवशी सकाळी मी दुकानाच्या फळ्या काढल्या, झाडलं, पाणी शिंपडलं आणि आत येऊन त्यांच्या उशाशी बसले. त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. दिसत नव्हतं तरी बोलताना वळवायचे.

"दुकान उघडनं का?"

"उघडनं," मी म्हटलं. उघडलं.

आणि दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी थांबले. त्यांचा हात माझ्या हातात होता, मी सोडवून घेतला नाही. मी थांबले, खूप वेळ थांबले. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. त्यांनी विचारलं नाही. माझ्यावर पहिल्याच वेळी विश्वास बसला, की विचारायचं राहून गेलं, हे मला कळलं नाही.